टेस्टोस्टेरॉन कमी, इस्ट्राडिओल जास्त आलंय? मग रिपोर्ट असा वाचा

पुरुषाच्या रिपोर्टमध्ये इस्ट्राडिओल, म्हणजे इस्ट्रोजेन गटातलं मुख्य हार्मोन, दिसलं की लोक उगाच घाबरतात. अहो ते पुरुषालाही लागतंच, हाडांची मजबुती बरीचशी त्याच्यावर असते, आणि ते बनतं टेस्टोस्टेरॉनपासूनच, अरोमाटेज नावाचं एन्झाइम हे रूपांतर करतं, चरबीत पण आणि वृषणात पण.

सॅम्पल सकाळी ७ ते १० मध्ये, उपाशीपोटी द्या. टेस्टोस्टेरॉन कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी परत करा, एका आकड्यावर काही ठरवू नका. सोबत एलएच आणि एफएसएच (वृषणाला हुकूम देणारी पिट्युटरीची हार्मोन्स) आणि एसएचबीजी (रक्तात टेस्टोस्टेरॉन धरून ठेवणारं प्रथिन) करा. इस्ट्राडिओल जमलं तर मास स्पेक्ट्रोमेट्री या जास्त अचूक पद्धतीवर करून घ्या, पुरुषांत ते इतकं थोडं असतं की साध्या टेस्टमध्ये आकडा चुकू शकतो.

आता सगळ्यात आधी एलएच बघा, खरी गोष्ट तिथे कळते. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच सोडते, त्यावर वृषणातल्या लेडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. इस्ट्रोजेन वाढलं की मेंदूकडून ब्रेक लागतो, एलएच पडतं आणि मग टेस्टोस्टेरॉनही. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी प्रोस्टेट कॅन्सरवर इस्ट्रोजेन वापरलं ते टेस्टोस्टेरॉन दाबायलाच. म्हणून टेस्टोस्टेरॉन कमी, इस्ट्राडिओल जास्त आणि एलएच वाढलेलं नाही, तर संशय या ब्रेकवर. पण एलएच चढलेलं असेल तर अडचण वृषणातच आहे, इस्ट्रोजेनला लगेच दोष देऊ नका.

वृषणात थेट परिणामही होतो बरं का. लेडिग पेशींवर इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतात. निरोगी पुरुषांना एचसीजीचं (एलएचसारखंच काम करणारं हार्मोन) मोठं इंजेक्शन दिलं की दिवसभरात इस्ट्राडिओल वाढतं आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन साठतं, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या अलीकडची पायरी अडते, आणि आधी टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेनचे रिसेप्टर अडवणारं औषध) दिलं तर हे साठणं कमी होतं. मला तरी हा पुरावा फार बोलका वाटतो. वृषणाच्या तुकड्यांवरचे प्रयोग वाचताना मात्र डोस नक्की बघा, डिशमध्ये पिट्युटरी नसते म्हणून थेट परिणाम वेगळा दिसतो हे खरं, पण तिथे टाकलेलं इस्ट्रोजेन रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकतं.

पोट सुटलं असेल तर आधी वजन कमी करा, अरोमाटेजचा मोठा साठा चरबीतच असतो. अॅनास्ट्रोझोल, म्हणजे अरोमाटेज रोखणारं औषध, स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नका, हाडं ठिसूळ होतात. आणि छातीत नवीन गाठ किंवा वृषणात कडकपणा जाणवला तर रिपोर्ट बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा, सोनोग्राफी आणि एचसीजीची टेस्ट लागेल.