धन की ऋण : आयन शिकताना माझे कोठे अडले आणि कसे सुटले

रसायनशास्त्र शिकायला लागल्यावर पहिले काही महिने मी धनायन आणि ऋणायन (धन किंवा ऋण प्रभार असलेले अणू, म्हणजेच आयन) या संज्ञा केवळ पाठ करून वेळ निभावून नेली. इलेक्ट्रॉन गमावणारा अणू ‘धन’ कसा ठरतो, हे मला पटतच नव्हते, कारण गमावले म्हणजे उणे झाले अशी माझी सरळ समजूत होती.

वहीत दोन आकडे शेजारी शेजारी लिहू लागल्यावर ही अडचण सुटली. सोडिअमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन असतात आणि भोवती ११ इलेक्ट्रॉन, म्हणून अणू उदासीन असतो. बाह्यतम कवचातला एकुलता एक इलेक्ट्रॉन निघून गेला की ११ धन आणि १० ऋण उरतात. जे गेले तेच ऋण होते, त्यामुळे मागे एक धन प्रभार शिल्लक राहतो. क्लोरीनमध्ये १७ प्रोटॉनांसमोर १८ वा इलेक्ट्रॉन येऊन बसतो आणि एक ऋण प्रभार वाढतो. प्रोटॉनांची संख्या मात्र दोन्हीकडे तीच राहते. एका चाचणीत मी ‘सोडिअमला प्रोटॉन मिळाला’ असे लिहिले होते. तसे खरोखर झाले असते तर तो सोडिअम न राहता मॅग्नेशिअम झाला असता.

‘अष्टक (बाह्यतम कवचातले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण व्हावे म्हणून सोडिअम इलेक्ट्रॉन देतो’ हे वाक्य सोयीचे असले, तरी नवख्याने त्यावर फार विसंबू नये, असे मला मनापासून वाटते. वायुरूप सोडिअमच्या अणूंमधून तो इलेक्ट्रॉन काढण्यासाठी दर मोलमागे (मोल म्हणजे अणूंची एक ठरावीक, प्रचंड संख्या) सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च करावी लागते आणि क्लोरीनने तो स्वीकारल्यावर सुमारे ३४९ किलोज्यूलच परत मिळतात, म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत तूटच येते. विरुद्ध प्रभारांचे आयन एकत्र येऊन मिठाचा स्फटिक रचतात, तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते आणि ती तूट भरून निघते. हा हिशेब मी स्वतः मांडला, त्या दिवशी आयन मला प्रथमच कळले. सोडिअमचा दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या भरलेल्या कवचातून काढावा लागतो आणि त्यासाठी सुमारे ४५६२ किलोज्यूल लागतात. सोडिअमच्या संयुगांत त्याच्या आयनावर एकच धन प्रभार का आढळतो, ते या एका आकड्यावरून उमगते.

पुढे लोहाशी गाठ पडली, की अष्टकाचा नियम अपुरा पडतो. लोहाच्या २६ इलेक्ट्रॉनांपैकी कधी दोन जातात तर कधी तीन, आणि तेही आधी चौथ्या कवचातून जातात, जरी भरताना ते कवच तिसऱ्यातील डी उपकवचाच्या (कवचाच्या एका पोटभागाच्या) आधी भरलेले असते. तेथे मी गोंधळून पुन्हा वहीतल्या त्याच दोन स्तंभांकडे वळलो : २६ प्रोटॉन, २४ इलेक्ट्रॉन, दोन धन; २६ प्रोटॉन, २३ इलेक्ट्रॉन, तीन धन.