मॅग्नेटाइटचे नॅनोपार्टिकल करताय? या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की मॅग्नेटाइट (लोखंडाचं काळं, चुंबकी ऑक्साईड) करणाऱ्या प्रोजेक्टवाल्या पोरांची तक्रार ठरलेली, "सर, पावडर काळी येत नाही, ब्राऊनच येते." अरे, येणारच! गोव्याच्या जुलैत फेरिक क्लोराईडची बाटली उघडी राहिली की खडे पाणी ओढून पाझरायला लागतात, मग तुम्ही तोलता त्यात लोखंड कमी आणि पाणीच जास्त. फेरस क्लोराईडचं दुखणं वेगळं, ते हवेने ऑक्सिडाइज होतं, हिरवट असायचं ते पिवळं-तपकिरी पडतं. मॅग्नेटाइटसाठी फेरस-फेरिक १:२ हे प्रमाण सगळ्यांना पाठ, पण बाटलीत डोकावायला कोण तयार नाही.

एकाने तर कमालच केली. हवा बाहेर ठेवायला लागणारा नायट्रोजनचा सिलिंडर संपलेला, नवा येईपर्यंत थांबायचं सोडून उघड्या बीकरमध्येच फेरस-फेरिकच्या सोल्युशनमध्ये अमोनिया ओतला, सबमिशन जवळ आलं होतं म्हणे. पावडर चॉकलेटी, मॅग्नेटकडे कशीबशी सरकायची, पण एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना बघायच्या चाचणीत) पीक जुळले म्हणून गडी खूश, पोस्टरवर मॅग्नेटाइट छापून मोकळा. आता मॅग्नेटाइट आणि मॅग्हेमाइट (मॅग्नेटाइट ऑक्सिडाइज झालं की होणारं तपकिरी ऑक्साईड) दोन्ही स्पिनेलच, म्हणजे अणूंची मांडणी एकाच धाटणीची, लॅटिस (त्या मांडणीच्या एका घराची लांबी) ८.४० आणि ८.३५ अँगस्ट्रॉमच्या आसपास, कॉपर ट्यूबवर मुख्य पीक दोघांचाही साडेपस्तीस डिग्रीजवळ, आणि १० नॅनोमीटरच्या कणांचे पीक एवढे रुंद की हा फरक त्यातच बुडतो. परीक्षकाने विचारलं, "मोसबाउअर केलं?" फेरस आणि फेरिक लोखंड वेगळं ओळखणारी ती चाचणी केलीच नव्हती, पोरगा गप्प.

माझी पद्धत सांगतो, पटली तर घ्या. फेरिकचं स्टॉक सोल्युशन करून टायट्रेट करून (त्यातलं लोखंड नेमकं मोजून) ठेवायचं, पावसात रोज तोलायची भानगडच नको. फेरस सगळ्यात शेवटी तोलायचं, नायट्रोजन सोडलेल्या आणि थोडं एचसीएल घातलेल्या पाण्यात लगेच टाकायचं, आणि मी ते चिमूटभर जास्तच घेतो.

मॅग्नेटिक स्टरर नको, अर्धा माल त्या बारलाच चिकटतो. शेररच्या सूत्राने (एक्सआरडी पीकच्या रुंदीवरून) येतो तो क्रिस्टलाइटचा (एकसंध स्फटिकाचा) साईज, कणाचा नव्हे, आणि त्यातून मशीनचं ब्रॉडनिंग आधी वजा करा. रामनला (लेझरने पदार्थ ओळखायच्या चाचणीला) लेझर कमी ठेवा, नाहीतर तुम्हीच तिथे हेमाटाइट (लोखंडाचं लाल ऑक्साईड) भाजून काढाल. व्हीएसएममध्ये (चुंबकत्व मोजायच्या मशीनमध्ये) बल्कच्या, म्हणजे मोठ्या तुकड्याच्या, ९२ इएमयू प्रति ग्रॅमपेक्षा बरंच कमी आलं म्हणून रडत येण्याआधी टीजीए (तापवत वजन किती घटतं ते मोजणं) करून बघा, तोललेल्या पावडरीत कणांवर चढवलेल्या ओलेइक ॲसिडचंही वजन असतं.

आणि साध्या ओव्हनमध्ये रात्रभर सुकवू नका हो, गरम हवेने कण ऑक्सिडाइज होतात. व्हॅक्यूम ओव्हन रिकामा नसेल तर कण इथेनॉलखाली ठेवून नंबर लावा.