घर विकणे आहे: जाहिरातीसाठी खोल्यांचे फोटो कसे निवडावेत

नागपूरच्या कोणत्याही ले-आउटमधून संध्याकाळी फेरी मारली, की एखाद्या तरी फाटकावर ‘घर विकणे आहे’ अशी पाटी आणि तिच्याखाली मोबाइलचा क्रमांक दिसतो. ती पाटी वाचणारा माणूस घरासमोरच उभा असतो. रस्ता किती रुंद आहे, शेजार कसा आहे, पोर्चमध्ये गाडी मावेल की नाही, हे त्याला न विचारताच कळते. ऑनलाइन जाहिरात पाहणारा मात्र कदाचित पुण्यात नोकरीला असतो, आईवडिलांसाठी नागपुरात घर शोधत असतो, आणि शनिवारी रात्रीच्या गाडीचे तिकीट काढावे की नाही हे त्याला दहा-बारा फोटोंवरूनच ठरवायचे असते.

गेल्या वर्षी आमच्या एका काकूंचे मानेवाड्याच्या बाजूचे घर विकायला काढले, तेव्हा पहिल्या जाहिरातीत नऊ फोटो होते आणि त्यांतले पाच बैठकीचे होते, कारण बैठकीत नुकतेच पीओपी करून घेतले होते आणि काकूंना त्याचे फार कौतुक होते. फोन पुष्कळ आले, पण बहुतेकांनी तेच विचारले: स्वयंपाकघर कोणत्या दिशेला आहे, संडास-बाथरूम आत आहे की बाहेर, गच्चीचा जिना घरातून आहे की अंगणातून. एका गृहस्थांनी तर स्वयंपाकघराची अवस्था वाईटच असणार असे गृहीत धरून किंमत दोन लाखांनी उतरवूनच बोलायला सुरुवात केली. वास्तविक त्या घरातली सर्वांत चांगली खोली तीच होती. ज्या खोलीचा फोटो नसतो, तिच्याबद्दल पाहणारा स्वतःच्या मनाने चित्र रंगवतो आणि ते चित्र विकणाऱ्याच्या बाजूचे क्वचितच असते, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले.

१. आधी प्रश्न लिहून काढावेत

फोटो निवडण्यापूर्वी एका कागदावर खरेदीदार फोनवर जे प्रश्न विचारेल ते लिहून काढावेत, आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारा एक फोटो त्यासमोर नेमावा. प्रश्न घराच्या प्रकाराप्रमाणे बदलतात. महाल किंवा इतवारीतल्या जुन्या घराबद्दल पहिला प्रश्न गल्लीत चारचाकी शिरते का हा असतो. बेसा किंवा हुडकेश्वरच्या बाजूच्या नव्या ले-आउटमध्ये बोअर आहे का, रस्ता डांबरी झाला आहे का, आजूबाजूला वस्ती किती झाली आहे, हे विचारले जाते. धरमपेठेतल्या फ्लॅट स्कीममध्ये लिफ्ट आणि पार्किंग यांच्यापुढे बाकीचे सारे मागे पडते. ज्या फोटोसमोर एकही प्रश्न लिहिता येत नाही, तो कितीही देखणा आला असला तरी बाजूला ठेवावा. झुंबराचा फोटो याच परीक्षेत गळतो.

२. निवडीला वाव राहील इतके फोटो काढावेत

प्रत्येक खोलीचे किमान चार फोटो काढावेत आणि त्यांतून एक किंवा दोन निवडावेत. मोबाइल आडवा धरावा, छातीच्या उंचीवर म्हणजे जमिनीपासून सुमारे चार फुटांवर ठेवावा, आणि तो वर किंवा खाली कलू देऊ नये. कलला की दाराच्या चौकटी तिरप्या दिसतात आणि भिंती आत झुकल्यासारख्या वाटतात. फ्लॅश बंद ठेवावा. लेन्स रुमालाने पुसून घ्यावी, कारण खिशातल्या मोबाइलच्या लेन्सवर बोटांचे तेलकट डाग असतातच आणि त्यांच्यामुळे खिडकीचा उजेड धुक्यासारखा पसरतो.

बहुतेक नव्या मोबाइलमध्ये ‘०.५’ असे लिहिलेला रुंद कोनाचा कॅमेरा असतो आणि विकणाऱ्याला त्याचा मोह हमखास होतो. त्या कॅमेऱ्यात दहा बाय दहाची खोली दिवाणखान्याएवढी भासते, कडेचा पलंग ताणल्यासारखा दिसतो, आणि घर पाहायला आलेला माणूस दारातच थबकून ‘फोटोत तर मोठी दिसत होती’ असे म्हणतो. त्यानंतर त्याला दाखवलेली प्रत्येक गोष्ट तो संशयाने पाहतो. बाथरूमसारख्या अगदी अरुंद जागेत मागे सरकायला जागाच नसते, म्हणून तेवढ्यापुरता तो कॅमेरा वापरावा. इतरत्र नेहमीच्या कॅमेऱ्यानेच, दारात किंवा कोपऱ्यात उभे राहून फोटो घ्यावा.

उजेडाची वेळ खोलीच्या दिशेवरून ठरवावी. उन्हाचा कवडसा थेट जमिनीवर पडलेला असला, की मोबाइल त्या उजळ तुकड्याशी जुळवून घेतो आणि बाकीची खोली काळी पडते. म्हणून पूर्वेच्या खोल्यांचे फोटो सकाळी अकरानंतर आणि पश्चिमेच्या खोल्यांचे दुपारी बाराच्या आत घ्यावेत. दक्षिणेच्या खिडक्यांचा हिशेब ऋतूप्रमाणे बदलतो. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि सज्जा नसलेल्या दक्षिणेकडील खिडकीतून ऊन खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीइतके, म्हणजे सहा-सात फूट, खोलीत शिरते. मेच्या अखेरीस मात्र दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि ते ऊन खिडकीतून आत येतच नाही. हिवाळ्यात फोटो काढायचे असतील, तर दक्षिणेच्या खोलीसाठी हलके ढग असलेला दिवस निवडणे सर्वांत सोयीचे.

३. खोलीनिहाय निवड

स्वतंत्र घर असेल तर पहिला फोटो दर्शनी भागाचा असावा. तो रस्त्याच्या पलीकडच्या कडेवरून, थोडा तिरपा घ्यावा, म्हणजे फाटक, पोर्च आणि वरचा मजला एकत्र दिसतात. स्कीममधल्या फ्लॅटसाठी हा नियम लागू नाही. इमारतीचा दर्शनी भाग त्या स्कीममधल्या प्रत्येक जाहिरातीत सारखाच असतो, त्यामुळे तिथे पहिला फोटो बाल्कनीच्या बाजूने उजेड येणाऱ्या बैठकीचा द्यावा.

बैठकीला दोन फोटो पुरतात, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून घेतलेले. त्यांतल्या एकात आत जाणारा पॅसेज किंवा पुढच्या खोलीचे दार दिसले, तर पाहणाऱ्याला घराची मांडणी उमगू लागते.

स्वयंपाकघरावर कंजुषी करू नये. एका फोटोत दारातून दिसणारी संपूर्ण खोली आणि दुसऱ्यात ओटा, सिंक व खिडकी असावी. मागे भांडी घासायची किंवा वॉशिंग मशीनची वेगळी जागा असेल तर तिसराही फोटो खुशाल द्यावा. स्वयंपाक करताना तोंड पूर्वेकडे असावे, असा आग्रह असलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. आपला त्यावर विश्वास असो वा नसो, ओट्याची दिशा फोटोखाली लिहून टाकावी, म्हणजे निम्मे फोन वाचतात. ओटा पूर्ण रिकामा करण्याची मात्र गरज नाही. गॅस, पाण्याचे भांडे आणि ओळीत लावलेले चार डबे राहू द्यावेत. ते फोटोत शोभतात आणि ओट्यावर जागा किती उरते याचा अंदाजही देतात. तेलाचा डबा, ओले फडके आणि फ्रिजवर चिकटवलेली कागदपत्रे तेवढी काढावीत.

बेडरूमला प्रत्येकी एक फोटो द्यावा आणि त्यात खिडकी दिसावी. इथेच नागपूरची खास अडचण येते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या शहरात मार्चमध्ये खिडकीत बसवलेला कूलर पाऊस लागेपर्यंत जागचा हलत नाही, आणि त्या काळात घेतलेल्या फोटोत खिडकीच्या जागी एक मोठी पेटी आणि भोवतीचा अंधार दिसतो. दोन खिडक्या असतील तर मोकळ्या खिडकीकडे तोंड करून फोटो घ्यावा. एकच खिडकी असेल तर दिवा लावून फोटो काढावा आणि कूलर राहू द्यावा. त्यासाठी भक्कम स्टँड आणि पाण्याची जोडणी आहे, हे नागपूरकर खरेदीदाराला आवडणारेच आहे. मागच्या दिवाळीचे फोटो मोबाइलमध्ये शोधून पाहावेत. कूलर उतरवलेल्या खोलीचा एखादा चांगला फोटो त्यांत मिळून जातो. खोलीत त्यानंतर बदल झालेला नसेल तर तो वापरायला हरकत नाही.

संडास-बाथरूमचा फोटो देण्यास बहुतेक लोक संकोचतात, पण निदान एक द्यावाच. फरशी कोरडी करावी, बादल्या आणि ब्रश बाहेर ठेवावेत, कमोडचे झाकण लावावे, आणि आरशात आपण स्वतः मोबाइल धरून उभे दिसत नाही ना, हे पाहून घ्यावे. ही शेवटची चूक अगदी नेहमीची आहे.

देवघराचा फोटो द्यायचा की नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवावे. वास्तूची दिशा पाहणाऱ्यांना तो हवा असतो. पण आपल्या पूजेतले देव जाहिरातीत असावेत, हे काहींना रुचत नाही. तसे असेल तर देवघराची जागा मागील खोलीच्या फोटोत ओझरती दिसली तरी पुरे.

गच्चीचा फोटो सहसा कुणाला सुचत नाही. शेवटचा मजला किंवा एकमजली घर म्हटले की नागपुरात पहिली धास्ती स्लॅब तापण्याची असते, आणि दुसरी पावसाळ्यात गळण्याची. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक थर किंवा चायना मोझाइक केलेले असेल, वॉटरप्रूफिंग झालेले असेल, सोलर बसवलेला असेल, तर तो फोटो बैठकीच्या दुसऱ्या फोटोपेक्षा अधिक उपयोगी ठरतो. त्याच्या जोडीला जिना, बोअर आणि फाटकातून दिसणारा रस्ता यांचा एकेक फोटो द्यावा. स्टोअर रूम आणि माळा यांच्याबद्दल एक ओळ लिहिली की काम भागते.

४. दोष असलेली खोली

विकणारा सर्वांत जास्त अडखळतो तो इथे. भिंतीला ओल आहे, पोर्चच्या फरशीला तडा गेला आहे, तेव्हा ती बाजू गाळावी असे वाटणे साहजिक आहे. नागपुरात जिथे घराखाली काळी माती आहे, तिथे ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे कुंपणाच्या भिंतीला किंवा पोर्चला तडे जाणे अनेक घरांत आढळते, आणि अनुभवी खरेदीदार आल्या आल्या ते शोधतोच. खोलीचा नेहमीचा, सरळ फोटो द्यावा. डागाचा जवळून फोटो देण्याची गरज नाही, पण तो मोबाइलमधल्या साधनाने पुसून टाकू नये. उजेड थोडा वाढवणे, कललेली रेघ सरळ करणे, इतपत सुधारणा रास्त आहे. ओल पुसणे ही मात्र फसवणूक होते, आणि तिचा कायद्याशीही संबंध येतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, आपल्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष त्याला सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

५. काय दिसू नये

निवडलेला प्रत्येक फोटो मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्यांतून तपासावा. मुलांचे शाळेच्या नावासह लावलेले प्रमाणपत्र, कुटुंबाचे फोटो, दारावरची नावाची पाटी, गाडीचा क्रमांक, टेबलावरचे वीजबिल, खिळ्याला लटकवलेल्या किल्ल्या आणि लोखंडी कपाट यांपैकी काहीही अनोळखी लोकांना दाखवण्याचे कारण नाही. मागच्या दाराच्या कडीकोयंड्याचा किंवा सीसीटीव्हीच्या जागांचा जवळून फोटो तर मुळीच नको. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ते निघून जातात, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तसेच राहतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘लोकेशन’ आधीच बंद केलेले बरे. घरात भाडेकरू असेल तर त्याच्या सामानाचे फोटो त्याच्या संमतीशिवाय देऊ नयेत.

६. क्रम लावावा आणि पारखून घ्यावा

फोटोंचा क्रम पाहुणा घरात ज्या वाटेने चालेल तसा असावा: रस्ता व फाटक, बैठक, स्वयंपाकघर, बेडरूम, बाथरूम, जिना, गच्ची. पहिल्या फोटोचा अपवाद सोडला तर हा क्रम मोडू नये, कारण बैठकीनंतर एकदम गच्ची आणि मग पुन्हा बेडरूम असे फोटो आले की घर कसे आहे हेच समजत नाही. प्रत्येक फोटोखाली खोलीचे नाव, फुटांतले माप आणि खिडकीची दिशा लिहावी. एकूण फोटो बारा ते पंधरा असावेत.

यानंतरची परीक्षा मला फार भरवशाची वाटते. ज्याने आपले घर कधीही पाहिलेले नाही अशा एखाद्या ओळखीच्या व्यक्तीला ते फोटो क्रमाने पाठवावेत आणि कागदावर घराचा कच्चा नकाशा काढायला सांगावे. काकूंच्या भाच्याने काढलेल्या नकाशात दुसरी बेडरूम चक्क अंगणात गेली होती, कारण पॅसेजचा फोटोच आम्ही दिला नव्हता. नकाशा जिथे चुकतो तिथे एक फोटो कमी आहे किंवा क्रम बिघडला आहे असे समजावे.

जाहिरात लावल्यावर तीन आठवडे फोन आले नाहीत, तर किंमत उतरवण्याआधी पहिला फोटो बदलून पाहावा. फोन येतात पण माणसे पाहायला येत नाहीत, असे झाले तर ती फोनवर काय विचारतात ते पुन्हा लिहून घ्यावे. आणि व्यवहार ठरला की फोटो एकदा शेवटचे उघडावेत. फोटोत दिसलेला कूलर, पंखे, चिमणी, पाण्याची मोटर हे सारे घरासोबतच मिळणार, असे खरेदीदाराने मनाशी धरलेले असते. यांतले काय राहणार आणि काय आपण नेणार, हे इसारपत्रात एकेक करून लिहून घ्यावे आणि त्याच दिवशी जाहिरात उतरवावी.