लेझर एनग्रेव्हर मधेच थांबतो? या चुका टाळा

आमच्या खानदेशातला कानबाईचा सण, म्हणजे रोट, दोन दिवसांवर आला होता. सागाच्या फळीवर ‘कानबाई माता’ कोरायला लावून मी चहाला उठलो. परत आलो तर मशीन गप्प. काम खालून वर चाललेलं, त्यामुळे अक्षरांचे पाय उमटलेले आणि शिरोरेषेचा पत्ता नाही. लेझरचं डोकं (हेड) जिथे थांबलं तिथे काळं भोक. शेजारच्या आप्पांनी डोकावून विचारलंच, “बंद पडनं का भो?”

पहिली चूक तीच, मशीन सोडून उठणं. लॅपटॉपवरून येणारा डेटा तुटून डोकं थांबलं आणि किरण चालूच राहिला, तर फळीला आग लागायला वेळ लागत नाही. जीआरबीएलवर (मशीनच्या कंट्रोल बोर्डातलं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या मशीनमध्ये लेझर मोड ($32=1 ही सेटिंग) चालू ठेवा आणि कामात लेझर पेटवायला एम3 ऐवजी एम4 ही आज्ञा वापरा. एम4 मध्ये डोकं थांबलं की लेझर विझतो, एम3 मध्ये जळत राहतो. माझ्याकडे एम3 होता. ते भोक त्याचंच.

दुसरी चूक म्हणजे लगेच लेझर हेडला दोष देणं. मीही नवीन हेडची किंमत बघून बसलो होतो. आधी एवढंच बघा की मशीन दर वेळी एकाच जागी थांबतं की कुठेही. एकाच जागी थांबत असेल तर डिझाइन मशीनचं डोकं पोहोचतं त्या जागेबाहेर जातंय का तपासा. स्क्रीनवर ‘अलार्म 2’ आला तर तेच कारण असतं. नाहीतर डोक्याकडे जाणारी वायर त्या कोपऱ्यात ताणली जाते. लेझरची पॉवर शून्यावर ठेवून काम चालू करा आणि वायर हलवून बघा, तुटका तार लगेच सापडतो.

कुठेही थांबत असेल तर संशय यूएसबी केबलवर, नाहीतर करंटवर घ्या. आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही. आलं की घराघरात पाण्याच्या मोटरी लागतात. मशीन त्याच वेळी बंद पडतं हे कळायला मला तीन फळ्या लागल्या. मोटर चालू होताना व्होल्टेज खाली येतं, वर तिचा झटका यूएसबी केबलमधून मशीनच्या कंट्रोल बोर्डापर्यंत पोहोचतो. खूण सोपी आहे. सॉफ्टवेअरच्या खिडकीत कामाच्या मधेच जीआरबीएलचं सुरुवातीचं स्वागतवाक्य पुन्हा उमटलं, तर बोर्ड रीस्टार्ट झाला असं समजा. ‘अलार्म 1’ आला आणि डोकं लिमिट स्विचला (टोकाला डोकं अडवणारं बटण) टेकलेलंच नसेल, तर तोही बहुधा याच झटक्याचा प्रताप.

मी मशीनसोबत आलेली बारीक लांब केबल फेकली आणि फेराइटचा गोळा (असे झटके अडवणारा) असलेली, दीड मीटरच्या आतली जाड केबल घेतली. मशीनचा प्लग पाण्याच्या मोटरच्या स्विचबोर्डावरून काढून अर्थिंग असलेल्या वेगळ्या सॉकेटला लावला. यूएसबी हब मधे घालू नका, थेट लॅपटॉपला जोडा.

लॅपटॉपही दगा देतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला डिव्हाइस बंद करू देणारी टिकही काढा. मशीनवर मेमरी कार्डाची सोय असेल तर मोठं काम त्यावरूनच चालवा, लॅपटॉपचा प्रश्नच मिटतो.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या खोलीतली दुपार तर विचारूच नका. डोकं हलवणाऱ्या मशीनच्या मोटरी चालवणारे ड्रायव्हर (बोर्डावरच्या चिप) जास्त तापले की स्वतःच बंद होतात. मग स्क्रीनवर टक्केवारी पुढे सरकत राहते आणि डोकं जागचं हलत नाही. बोर्डावर छोटा पंखा बसवा, हेडच्या पंख्यातली काजळी ब्रशने झटका आणि मोठं काम सकाळी सात-आठच्या आत उरका. लेन्सवर धूर बसला तर मशीन थांबत नाही, रेघ फिकी पडते. ते दुखणं वेगळं.

थांबलेलं काम वाचवायचं असेल तर फळीला हात लावू नका. मी नेहमी फळीच्या दोन बाजूंना पट्टी चिकटवून अडण करतो आणि सुरुवातीचा बिंदू पेन्सिलने टिपून ठेवतो. बोर्ड रीस्टार्ट झाला की त्याचा शून्य बिंदू हरवतो. डोकं त्या खुणेवर आणून उरलेल्या ओळींपासून काम पुन्हा चालवता येतं, फक्त जोडाजवळ एखादी ओळ दोनदा भाजते.

कानबाईच्या फळीला हे जमलं नाही. ती उलटी केली आणि मागच्या बाजूवर नव्याने कोरली. भोक आता भिंतीकडे आहे.