'हो' कोणाच्या चेहऱ्यावर ऐकवायचं?

दोन बहिणी. थोरली खुर्चीत, हातात पाण्याचा ग्लास. धाकटी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालतेय. धाकटी विचारते, "सही केलीस?" थोरली म्हणते, "हो." घर विकलं गेलंय हे धाकटीला इथे कळतं.

सिनेमाची सहायक संकलक (एडिटर) असताना मला स्वतंत्रपणे जोडायला मिळालेला हा पहिला सीन. दीड तासात जोडून मोकळी झाले. प्रश्नाला धाकटी, उत्तराला थोरली, पुढच्या वाक्याला परत धाकटी. जी बोलेल ती दिसेल. मी ज्यांच्या हाताखाली होते त्या सरांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "संवाद स्वच्छ ऐकू येतायत. रेडिओवर चालेल."

मग त्यांनी विचारलं, "घर गेलंय कोणाचं?" थोरलीला तर सही केल्याचं आधीच माहीत आहे. बातमी धाकटीसाठी आहे, मग 'हो' ऐकताना मी तिलाच सोडून निघून का गेले होते?

दुरुस्ती सोपी होती. चित्र धाकटीवरच ठेवलं आणि थोरलीचा 'हो' त्यावर येऊ दिला. थोरली दिसते ती नंतर. याला जे-कट म्हणतात: पुढच्या शॉटचा आवाज आधी येतो, चित्र मागाहून. उलट, आधीच्या शॉटचा आवाज चालू असताना चित्र बदललं तर तो एल-कट. नावं टाइमलाइनवरच्या, म्हणजे संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र वर आणि आवाज खाली अशा पट्ट्या दिसतात तिथल्या, आकारावरून पडलीत. खालची आवाजाची पट्टी डावीकडे बाहेर आली की इंग्रजी जे, उजवीकडे आली की एल. नवीन मुलं ही नावं पाठ करून येतात आणि मग कुठेही वापरतात. नाव विसरलात तरी चालेल. आत्ता काही कळतंय ते कोणाला, हा प्रश्न विसरू नका.

पण गंमत पुढेच आहे. 'हो' नंतर धाकटीचा हात घडी घालता घालता थांबतो. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम. मी 'हो' संपताक्षणी थोरलीवर कट मारला तेव्हा हात थांबलेला दिसलाच नाही, ती काहीच न वाटणारी बाई झाली. 12 फ्रेम वाढवल्या, म्हणजे अर्धा सेकंद: हात थांबला, तिला धक्का बसल्याचं कळलं. आणखी 20 फ्रेम वाढवल्या तेव्हा ती मान वर न करता पुन्हा घडी घालायला लागली, आणि एकदम वाटलं की हिला आधीपासूनच संशय होता. संवाद तोच, अभिनय तोच. दीड सेकंदाच्या आत एकाच क्षणाच्या तीन गोष्टी झाल्या. आम्ही शेवटची आवृत्ती ठेवली.

हे चेहऱ्याच्या बाबतीत का घडतं, याचा सर्वात जुना धडा सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव यांच्या नावावर आहे. 1920 च्या आसपास त्यांनी एका नटाचा निर्विकार चेहरा घेऊन त्याला कधी सूपची वाटी, कधी शवपेटी, कधी बाई अशी चित्रं जोडली. चेहरा तोच, पण शेजारचं चित्र बदललं की बघणाऱ्याला त्यात भूक, दुःख, ओढ दिसे. वाचून सोडू नका, करून बघा. मित्राला दहा सेकंद कॅमेऱ्याकडे न बघता गप्प बसवा, मग रिकामी खुर्ची, वाजणारा फोन, झोपलेलं मूल असे तीन शॉट घ्या. तासाभराचं काम आहे.

त्याच सीनमध्ये माझा दुसरा घोळ झाला तो ग्लासचा. धाकटीच्या शॉटमध्ये, खांद्यावरून दिसणाऱ्या थोरलीच्या उजव्या हातात ग्लास होता. थोरलीच्या सगळ्यात चांगल्या टेकमध्ये तो डाव्या हातात. मी कंटिन्युइटीला, म्हणजे एका शॉटमधल्या वस्तू पुढच्या शॉटमध्ये तशाच दिसायला हव्यात या नियमाला, घाबरून तिसरा टेक घेतला: ग्लास बरोबर, चेहरा मठ्ठ. सरांनी तो काढून डाव्या हाताचा टेक टाकला. स्क्रीनिंगला एकालाही ग्लास दिसला नाही. अमेरिकन संकलक वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटचे सहा निकष मांडलेत; त्यात भावनेला 51 टक्के, गोष्टीला 23, लयीला 10, आणि जागेच्या सलगतेला सगळ्यात शेवटी 4. आकड्यांवर वाद घाला हवा तर, क्रम मात्र मला त्या ग्लासने पटवला.

म्हणजे नियम सोडून द्यायचे असं नाही. दोन माणसं बोलत असताना त्यांच्यामधली काल्पनिक रेषा ओलांडून कॅमेरा पलीकडे गेला की दोघं एकाच दिशेला बघतायत असं वाटतं, आणि प्रेक्षक क्षणभर गोंधळतो. तो गोंधळ हवा असेल तरच रेषा ओलांडा. तसंच हालचालीचं: माणूस बसतोय तर तो बसून झाल्यावर नाही, बसता बसता कट मारा. डोळा हालचालीमागे जातो, जोड लपते. डिझॉल्व्ह (एक चित्र दुसऱ्यात विरघळणं), वाइप (एक चित्र दुसऱ्याला पुसत येणं) वगैरे सुरुवातीला बाजूलाच ठेवा. माझ्या पहिल्या लघुपटात अकरा डिझॉल्व्ह होते, आणि त्यातले दहा जमत नसलेले कट झाकायला होते.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा: रशेस, म्हणजे शूटिंगचं न कापलेलं सगळं फुटेज, नेहमीच्याच वेगाने, पूर्ण बघा. मी दुप्पट वेगाने बघायचे आणि 'कट' ऐकू आलं की पुढच्या टेकवर उडी मारायचे. त्या सीनमध्ये थोरलीला दाखवायला काहीतरी शेवटचं हवं होतं, सापडत नव्हतं. सरांनी क्लिप दिग्दर्शकाच्या 'कट' च्या पुढे चालू ठेवली. नटीने ग्लास खाली ठेवायला जागा शोधली, सापडली नाही, म्हणून तो मांडीवर दोन्ही हातांत धरून बसली. ती तेव्हा अभिनय करत नव्हती, कोणीतरी येऊन ग्लास घेईल याची वाट बघत होती. दिग्दर्शकाचा आवाज पुसून तिथे खोलीची नुसती शांतता घातली, सेटवर साउंडवाल्याने अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प बसवून रेकॉर्ड केलेली. सीन आता त्या ग्लासवर संपतो.