मेजर लीगचा तक्ता वाचताना नुसते विजय मोजू नका

मेजर लीग बेसबॉलच्या तक्त्यात गुण नसतात. विजय, पराभव आणि विजयाचं प्रमाण एवढंच असतं. अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग, प्रत्येकीत पाच-पाच संघांच्या तीन डिव्हिजन, आणि प्रत्येक संघाला १६२ सामने.

हंगाम चालू असताना सगळ्यांचे सामने सारखे झालेले नसतात, म्हणून 'गेम्स बिहाइंड' हा रकाना बघायचा. विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची बेरीज करून दोनाने भागा. पहिला संघ ५०-४० (५० विजय, ४० पराभव) आणि दुसरा ४७-३९ असेल, तर दुसरा विजयांत ३ ने मागे, पण त्याचे पराभव १ ने कमी, म्हणून तो फरक वजा धरायचा. म्हणजे ३ वजा १, भागिले २. दुसरा संघ एकच सामना मागे आहे. नुसते विजय पाहिले तर तो तीनने मागे वाटतो, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. त्यातही पराभवांचा रकाना जास्त महत्त्वाचा: राहिलेले सामने जिंकता येतात, हरलेले परत मिळत नाहीत.

संघ खरोखर किती चांगला खेळला, हे मात्र धावाच सांगतात. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचं सूत्र सोपं आहे. केलेल्या धावांचा वर्ग घ्या, त्याला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा, मग १६२ ने गुणा. येतात ते धावांच्या हिशेबाने अपेक्षित विजय.

२०२३ चा सॅन दिएगो पाद्रेस संघ घ्या. ७५२ धावा केल्या, ६४८ दिल्या. उत्तर येतं सुमारे ९३ विजय. प्रत्यक्षात मिळाले ८२. बाकीचे गेले कुठे? एका धावेने निकाल लागलेल्या सामन्यांत त्यांची कामगिरी होती ९-२३, बरोबरीमुळे जादा डाव खेळावे लागलेल्या सामन्यांत २-१२. त्याच वर्षी मायामी मार्लिन्सने ६६६ धावा करून ७२३ दिल्या. सूत्राने ७४ विजय, मिळाले ८४, कारण एका धावेच्या सामन्यांत ३३-१४. मायामी प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत गेला, सॅन दिएगो घरी बसला.

अशा निसटत्या सामन्यांतलं यश पुढच्या वर्षी सहसा टिकत नाही. २०२४ मध्ये आपला स्टार फलंदाज ह्वान सोटोला दुसऱ्या संघाकडे देऊनही सॅन दिएगोने ९३ सामने जिंकले. मायामीने १०० गमावले. अर्थात त्यांचा मुख्य पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) सँडी अल्कांतारा दुखापतीमुळे वर्षभर बाहेर होता, तेव्हा सगळा दोष नशिबाला देऊ नका.

शेवटी बरोबरीचा नियम. २०२२ पासून प्रत्येक लीगमधून तीन डिव्हिजनविजेते आणि तीन वाइल्ड कार्ड (उरलेल्यांतले सर्वोत्तम) असे सहा संघ प्लेऑफमध्ये जातात. विजय-पराभव सारखे झाले तर आता जादा सामना होत नाही, आधी आपसातले निकाल पाहतात. २०२४ मध्ये नॅशनल लीगमधले मेट्स, ब्रेव्ह्ज आणि अॅरिझोना हे तिन्ही संघ ८९-७३ वर थांबले आणि याच नियमाने अॅरिझोना बाहेर पडला.