पहिला ट्रॉम्बोन: आधी स्लाइड, मग बाकीचं

ट्रॉम्बोन दाखवताना विकणारा बेल, म्हणजे पसरट तोंड, पुढे करतो, कारण चकाकी तिथे असते. तुम्ही स्लाइड, म्हणजे स्वर बदलायला पुढेमागे सरकवायची लांब नळी, हातात मागा. बेलला पोचा असला तरी वाद्य वाजतं. स्लाइड अडखळत असेल तर शिकणारं मूल काही महिन्यांत कंटाळतं, आणि दोष वाद्याचा आहे हे त्याला कळतही नाही. आपल्यालाच जमत नाही असं धरून ते ट्रॉम्बोन पेटीत ठेवून देतं. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

मी पुण्यात कॅम्प भागात पितळी वाद्यं दुरुस्त करतो. लग्नाच्या बँडचे युफोनियम, शाळांचे बिगूल, चर्चमधले ट्रम्पेट असं सगळं टेबलावर येतं. ट्रॉम्बोन त्या मानाने कमी, पण येतात त्यातले बरेच नुकते घेतलेले असतात. पालक विचारतात, "काका, हा घेतलाय, बरा आहे ना?" हे विचारायची वेळ पैसे देण्याआधीची असते.

प्रकारापासून सुरुवात करू. नवशिक्याला साधा बी-फ्लॅट टेनर ट्रॉम्बोन पुरतो. साधा म्हणजे मागच्या बाजूला झडप आणि वेटोळी नळी नसलेला. ती जोड असलेल्याला ट्रिगरवाला किंवा एफ-अटॅचमेंटवाला म्हणतात. त्याचं वजन दोन किलोच्या आसपास जातं, साधा सव्वा-दीड किलोत बसतो. हे सगळं वजन डाव्या हाताने पेलायचं असतं, कारण उजवा हात स्लाइडसाठी मोकळा हवा. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचं डावं मनगट पाच मिनिटांत वाकायला लागतं, मग मान तिरकी होते, मग ओठांवरचा माउथपीस सरकतो. ट्रिगर पुढे घेता येईल.

बोअर, म्हणजे स्लाइडच्या आतल्या नळीचा आतला व्यास, १२.७ मिलिमीटर बघा. इंचात ते ०.५०० होतं, म्हणून विकणारे त्याला 'पाचशे' म्हणतात. मोठ्या ऑर्केस्ट्रातले वादक १३.९ मिलिमीटरचा वापरतात. त्याला श्वास जास्त लागतो, आणि लहान छातीचं मूल एका ओळीतच दमतं. "मोठा घ्या, पुढे उपयोगी पडेल" हा सल्ला शाळेच्या गणवेशाला ठीक आहे, इथे नाही.

हात पुरतो का, हे मुलाला सोबत नेऊनच बघावं लागतं. ट्रॉम्बोनला सात पोझिशन, म्हणजे स्लाइड थांबवायच्या जागा, असतात. पहिलीपासून दुसरी साधारण ८ सेंटिमीटरवर, आणि पुढे अंतर वाढत जाऊन सहावी ते सातवी जवळजवळ ११ सेंटिमीटर होतं. सातवी सुरुवातीला क्वचितच लागते. सहावीचं मात्र तसं नाही. बरेच शिक्षक पहिली स्केल बी-फ्लॅटची देतात आणि तिचा दुसराच स्वर, सी, सहाव्या पोझिशनवर आहे. खांदा पुढे न ढकलता मुलाचा हात सहावीपर्यंत गेला तर काम झालं. नसेल जात, तर वर्षभर थांबा किंवा प्लॅस्टिकचा ट्रॉम्बोन बघा. पीबोन नावाचा प्लॅस्टिकचा टेनर जेमतेम ८०० ग्रॅमचा आहे, पण लांबी तीच, त्यामुळे वजनाचा प्रश्न सुटतो, हाताचा नाही. त्याचं मिनी रूप ई-फ्लॅटमधलं, लांबीला कमी. लहान मुलांना छान, पण त्यावर पाठ झालेल्या पोझिशन पुढे टेनरवर बदलतात, हे शिक्षकांना आधी विचारून घ्या.

आता स्लाइड. वाद्य उभं धरा, स्लाइड जमिनीकडे. डाव्या हाताने वरचा भाग घट्ट पकडा, उजवा हात तळाच्या वळणाखाली ठेवा आणि मगच लॉक उघडा. बाहेरची स्लाइड स्वतःच्या वजनाने सावकाश खाली येऊ द्या, खालचा हात काढू नका. ती एकसारखी उतरली पाहिजे. मध्येच थबकली, खरखरली किंवा धक्का देऊन सुटली तर तिथे काहीतरी आहे. तसंच वर न्या. कानही लावा, घासल्याचा आवाज हाताला जाणवण्याआधी ऐकू येतो.

अडखळत असेल तर कारण शोधायची सोपी रीत आहे. बाहेरची स्लाइड पूर्ण काढा. आतल्या दोन नळ्यांपैकी एकच नळी बाहेरच्या तिच्या जोडीदार नळीत घाला, दुसरी बाजूला मोकळी राहू द्या, आणि वरखाली करा. मग दुसरीचं तसंच. दोन्ही एकेकट्या गुळगुळीत चालतात आणि एकत्र घातल्यावर अडतात, तर नळ्या समांतर नाहीत, एवढाच अर्थ. हे दुरुस्त होतं. एकटी नळीच अडत असेल तर ती वाकलीय, पोचलीय किंवा मुळात गोल नाही.

गेल्या पावसाळ्यात वानवडीच्या एक बाई मुलीसाठी घेतलेला जुना यामाहा घेऊन आल्या. लष्करी बँडमधून निवृत्त झालेल्या वादकाचा होता, पचमढीच्या लष्करी संगीत प्रशिक्षण केंद्रात शिकलेल्या जुन्या पिढीतला माणूस. लॅकर, म्हणजे पितळेवरचा पारदर्शक थर, जागोजाग उडालेलं, बेलच्या कडेला दोन पोचे, पेटीची मूठ सुतळीने बांधलेली. चौथ्या पोझिशनच्या पुढे स्लाइड घासत होती आणि बाईंना आपण फसलो असं वाटत होतं. मी एकेक नळी घालून पाहिली: दोन्ही अगदी अलगद उतरल्या. आतल्या नळ्यांच्या टोकांवरचा क्रोमचा मुलामा शाबूत होता, खालचा जर्मन सिल्व्हर धातू कुठे उघडा पडला नव्हता. वाद्य कधीतरी आडवं पडलं असणार, त्यामुळे आडव्या दांडीचा जोड किंचित ताणला गेला होता. डाक सोडवला, नळ्या सपाट प्लेटवर समांतर करून घेतल्या, परत डाक लावला. त्या वाद्यात अजून वीस वर्षं आहेत.

त्याच टेबलावर नाव नसलेले, पंधरा हजारांच्या आतले, आरशासारखे चकचकीत नवे ट्रॉम्बोनही येतात, आणि तिथे मला बऱ्याचदा हात टेकावे लागतात. चांगल्या स्लाइडमध्ये आतल्या नळीचा शेवटचा साधारण अर्ध्या वितीएवढा भाग किंचित जाड असतो, त्याला स्टॉकिंग म्हणतात. बाहेरच्या नळीला टेकतो तो तेवढाच भाग, बाकीची नळी मोकळी राहते, म्हणून घर्षण कमी. आणि त्या जाड भागाभोवतीची फट कागदाच्या जाडीच्या घरातली असते. एवढ्या बारकाईचं काम स्वस्तात होत नाही. स्वस्त वाद्यात स्टॉकिंगचा भाग ओबडधोबड असतो, मुलामा वर्षभरात सोलतो, आणि सुटा भाग कुठेच मिळत नाही.

मेरठच्या जली कोठीतल्या कारागिरांबद्दल मला आदर आहे. देशभरातल्या वरातींचे बँड त्यांच्या वाद्यांवर चालतात, आणि ट्रम्पेट, युफोनियम, बिगूल रस्त्यावरचे हाल सोसतात. तिथला ट्रॉम्बोन घ्यायचा असेल तर न बघता मागवू नका, एकेक नग वरच्या पद्धतीने हातात घेऊन निवडा.

स्लाइड पास झाली की हवा. बेलचा भाग काढून ठेवा. स्लाइड बंद करा, बेलकडे जाणाऱ्या तोंडावर अंगठा दाबा आणि माउथपीसच्या बाजूने फुंका. बाहेरची स्लाइड हाताने धरून ठेवा, नाहीतर तुमच्याच फुंकरीने ती निसटेल. हवा अडली पाहिजे. किंचित गळती चालते, सरळ निघून जात असेल तर नळ्या झिजल्या आहेत. आधी तळाची वॉटर की, म्हणजे साचलेलं पाणी काढायची झडप, तपासा, कारण बरेचदा गळती तिथल्या वाळलेल्या बुचातून असते आणि ते बूच बदलणं किरकोळ काम आहे. मागची ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे पट्टी जुळवायची सरकती नळी, हाताने ओढली की एकसारखी सरकायला हवी. हलतच नसेल तर जोर लावू नका. सुटते, पण किंमत ठरवताना तेवढे पैसे वजा करा.

पोच्यांबद्दल एकच नियम: नळी जितकी बारीक तितका पोचा महाग. बेलच्या पसरट भागावरचे पोचे दिसायला वाईट, आवाजाला फारसे नाहीत. बाहेरच्या स्लाइडवरचा तांदळाएवढा पोचासुद्धा नको. आणि पितळेवर गुलाबी ठिपके दिसले, मध्ये गडद टिंब असलेले, तर थांबा. पितळेतलं जस्त आतून निघून जात असतं, तांबं मागे राहतं आणि नळी भुसभुशीत होते. तो भाग बदलण्याशिवाय त्याला औषध नाही. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत, न पुसता पेटीत ठेवलेल्या वाद्यात मी हे जास्त पाहतो.

गोव्याकडच्या आणि मुंबईतल्या गोवेकर घरांमध्ये कधीकधी आजोबांचा ट्रॉम्बोन निघतो. चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकून मुंबईच्या डान्स बँडमध्ये आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेलेली ती पिढी. असं वाद्य मिळालं तर भाग्यच, पण ते ब्रिटिश बनावटीचं असेल तर दोन गोष्टी बघा. ब्रिटनमधले ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत आजच्यापेक्षा जवळजवळ पाव स्वराने चढ्या पट्टीत वाजवत, आणि त्या काळची वाद्यं तशीच बनलेली आहेत. ट्यूनिंग स्लाइड पूर्ण बाहेर ओढूनही ती बऱ्याचदा पियानोशी जुळत नाहीत. मोबाइलवरच्या ट्यूनरवर, ए ४४० ही आजची प्रमाण पट्टी ठेवून, पहिल्या पोझिशनचा बी-फ्लॅट वाजवून घ्या. ट्यूनिंग स्लाइड एक-दोन सेंटिमीटर बाहेर असताना काटा मध्यावर यावा. दुसरं, स्लाइडच्या दांडीला लाकडी किंवा धातूची लांब मूठ असेल तर तो जीमधला बास ट्रॉम्बोन आहे. सातवी पोझिशन हाताच्या पलीकडे जाते म्हणून ती मूठ. जपून ठेवा, मुलाला शिकायला देऊ नका.

नवाच हवा असेल तर यामाहाचा वायएसएल-३५४ आणि किंगचा ६०६ ही माझी नावं, ज्युपिटरचेही बरे येतात. मुंबईत धोबी तलावला फुर्टाडोजसारख्या जुन्या दुकानात ब्रँडेड वाद्यांची चौकशी करा, आणि नग हातात येईपर्यंत होकार देऊ नका. तेवढं बजेट नसेल तर त्याच ब्रँडचा वापरलेला घ्या. नव्या निनावी वाद्यापेक्षा जुना यामाहा, हे मी कितीही वेळा सांगेन. शक्यतो शिक्षकांना सोबत न्या. त्यांच्या ओठांना पाच मिनिटांत जे कळतं ते माझ्या टेबलावर तासाभराने कळतं.

माउथपीसची शँक, म्हणजे वाद्यात जाणारं टोक, १२.७ च्या बोअरला लहान लागते. ती साधारण अडीच सेंटिमीटर आत जाऊन बसावी, डुगडुगू नये. बाख कंपनीच्या मापात साडेसहा एएल किंवा यामाहाचा ४८ मुलांना सोयीचा पडतो. जुन्या वाद्यासोबतचा माउथपीस कडेला ओरखडलेला असेल तर नवा घ्या. ती कड रोज ओठांवर टेकणार आहे.

अमेरिकेतल्या भाचे-पुतण्यांचे फोन येतात. तिथे पाचवी-सहावीत शाळेच्या बँडसाठी वाद्य निवडायला सांगतात. त्यांना मी म्हणतो, ऑनलाइन स्वस्त मागवू नका, शाळेशी जोडलेल्या दुकानातून महिन्याच्या भाड्याने घ्या. बऱ्याच ठिकाणी भाडं पुढे किमतीत वळतं करता येतं आणि दुरुस्तीही त्यातच येते. निनावी वाद्य तिथले बरेच दुरुस्तीवाले हातातच घेत नाहीत.

घरी आणल्यावर स्लाइडला फक्त स्लाइडचंच क्रीम किंवा लुब्रिकंट लावा, स्टॉकिंगवर थोडंसं, वर पाण्याचा फवारा. खोबरेल नको, शिवणयंत्राचं तेल नको; दोन्ही धूळ धरून चिकट होतात आणि मग माझ्याकडे स्लाइड सोडवायला येते. ट्यूनिंग स्लाइडला ग्रीस. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात लवचिक ब्रशने आतून धुवा. पाणी कढत नको, लॅकर सुटतं. चिंच, लिंबू, पितांबरी, ब्रासो हे सगळं देवघरातल्या समईसाठी, लॅकर असलेल्या वाद्याला मऊ सुती कापड पुरे. वाजवून झालं की वॉटर की उघडून पाणी काढा, स्लाइडच्या आतल्या नळ्या पुसा. पावसाळ्यात रिकामी पेटी अधूनमधून उन्हात उघडी ठेवा, तिच्या मखमलीला बुरशी आधी धरते.

मुलाला पहिल्याच दिवशी एक सवय लावा: हातातून खाली ठेवण्याआधी स्लाइडचं लॉक. आणि माउथपीस अडकला किंवा स्लाइडला पोचा आला तर घरात पक्कड, हातोडी, लाटणं काही लावू नका. माउथपीस काढायचं वेगळं यंत्र असतं, दोन मिनिटांचं काम आहे. आहे तसं घेऊन या.